विकतचा घाम

अमेरिकेतील एका व्यायामशाळेच्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र गेल्या काही वर्षांत जगभर फिरले आहे. मधोमध पायऱ्यांचा रुंद जिना आणि त्याच्या दोन्ही अंगांस विजेवर चालणारे सरकते जिने, असा तो देखावा आहे. मधल्या जिन्याकडे कोणाचे लक्ष नाही. सरकत्या जिन्यांवर मात्र माणसे निश्चल उभी आहेत आणि जिना त्यांना वर, व्यायामशाळेच्या दाराशी, नेऊन सोडीत आहे. अशा व्यायामशाळांत जिना चढण्याचे श्रम करवून घेणारी यंत्रे असतात, आणि त्यांवर चढता यावे म्हणून सभासद दरमहा वर्गणी भरतात. म्हणजे दाराबाहेरचा फुकटचा जिना टाळावयाचा आणि दाराआतला विकतचा जिना चढावयाचा, असा हा व्यवहार आहे.

हे पाहून हसू न आले तरच नवल. परंतु अमेरिकेला हसून मोकळे होण्याची सोय मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांना राहिलेली नाही. दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरावयाचे, पाच मिनिटांच्या वाटेवरील व्यायामशाळेपर्यंत मोटारीने किंवा स्कूटरने जावयाचे, वाहन अगदी दाराशीच उभे करता यावे म्हणून जागा शोधीत दोन फेऱ्या घालावयाच्या, आणि मग आत जाऊन एका जागी खिळलेल्या यंत्रावर तीन किलोमीटर चालावयाचे, हा क्रम आता श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. ही केवळ गंमत असती तर तिच्यावर वेळ खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु या विसंगतीच्या मुळाशी सुखसोयींचा एक इतिहास आहे, शरीराचा एक स्वभाव आहे आणि पैशाच्या हिशेबातील एक फसगतही आहे. या तिन्हींचा उलगडा झाला, म्हणजे व्यायामासाठी पैसे भरूनही आरोग्य हाती का लागत नाही, हे ध्यानात येते.

माणसाला उचलून वर नेणारी यंत्रे फार जुनी नाहीत. एलिशा ओटिस याच्या कारखान्याने बनविलेली, प्रवाशांसाठीची पहिली सुरक्षित लिफ्ट न्यूयॉर्कमधील एका पाच मजली दुकानात १८५७ साली बसविण्यात आली. १८९६ साली जेसी रेनो याने त्याच शहराच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या भागात सरकता चढ लोकांना दाखविला, आणि १८९८ साली लंडनच्या हॅरड्स या प्रसिद्ध दुकानात सरकता जिना आला. त्यावरून वर पोहोचलेल्या घाबऱ्या गिऱ्हाइकांना हुशारी यावी म्हणून तेथे ब्रँडी ठेवलेली असे, अशी हकीकत सांगतात. ज्या वस्तूची त्या काळी धास्ती वाटत होती, ती बंद पडली तर आज माणसे हताश होऊन तिच्या पायथ्याशी उभी राहतात. सोय प्रथम नवलाची असते, पुढे सवयीची होते आणि शेवटी हक्काची होऊन बसते.

सोय आणि विकतचा घाम ही जोडी किती लवकर एकत्र नांदू लागली, याचे बोलके उदाहरण १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावर सापडते. पहिल्या वर्गाच्या उतारूंना मजले चढण्याचे श्रम पडू नयेत म्हणून त्या जहाजावर तीन लिफ्ट होत्या. आणि श्रम न पडल्याने अंग जड होऊ नये म्हणून वरच्या डेकवर व्यायामगृहही होते. तेथे विजेवर डुलणारा घोडा होता, उंट होता, जागच्या जागी पायटे मारण्याच्या सायकली होत्या आणि वल्ही ओढण्याचे यंत्र होते. अशी यंत्रे प्रथम पद्धतशीरपणे तयार केली ती स्वीडनमधील गुस्ताव झांडर या वैद्याने. बैठ्या धंद्याचे दुष्परिणाम यंत्रांच्या साहाय्याने दूर करावेत या हेतूने त्याने १८६५ साली स्टॉकहोम येथे आपली संस्था काढली होती. टायटॅनिकवरील मंडळी ज्या वेळी लाकडी उंटावर बसून व्यायाम घेत होती, त्याच वेळी जहाजाच्या तळाशी दीडशेहून अधिक माणसे रोज सुमारे ६०० टन कोळसा फावड्यांनी भट्ट्यांत लोटीत होती. वरच्यांना श्रम विकत घ्यावे लागत होते आणि खालच्यांना ते विकावे लागत होते.

म्हणून जुन्या काळच्या कष्टांचे गोडवे गाताना सावध असले पाहिजे. पहाटे चार वाजता उठून जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्या आज ऐकावयास गोड वाटतात. परंतु ज्या हातांना पायलीचे दळण उरकून पुन्हा आडाचे पाणी शेंदावयाचे असे, त्या हातांना पिठाची गिरणी आणि घरातला नळ ही केवढी सुटका वाटली असेल! उखळ, पाटा-वरवंटा, डोक्यावरची लाकडाची मोळी, हे सारे व्यायामाचे साहित्य नव्हते. तो सक्तीचा भार होता, आणि त्याखाली कित्येक आयुष्ये अकाली वाकली. यंत्राने तो भार उतरविला हे यंत्राचे पुण्यच होय. चूक घडली ती पुढे. यंत्राने आधी नको असलेला भार उतरविला, मग सहज पेलण्याजोगा भार उतरविला, आणि अखेर शरीराला जगण्यासाठी हवा असलेला भारही काढून घेतला. कोठे थांबावयाचे हे यंत्र सांगत नाही; ते वापरणाऱ्यानेच ठरवावे लागते.

व्यायामशाळेतील सर्वांत लोकप्रिय यंत्राची कुळकथा या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. आज ज्याला ट्रेडमिल म्हणतात, त्या चालण्याच्या पट्ट्याचे नाव तुरुंगातून आलेले आहे. विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनिअराने १८१८ च्या सुमारास कैद्यांकडून श्रम करवून घेण्यासाठी एक प्रचंड लाकडी चक्र योजले. चक्राच्या परिघावर पायऱ्या असत. कैदी कठडा धरून एक पायरी चढला की चक्र फिरे आणि ती पायरी खाली जाई. पुन्हा पुढची पायरी चढावी लागे. तासन्‌तास चढूनही माणूस तेथल्या तेथेच! लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात १८२१ साली बसविलेल्या चक्राने धान्य दळले जात असे. परंतु कित्येक ठिकाणी त्या चक्राला कोणतेही काम जोडलेले नसे, आणि त्या श्रमाला ‘वारा दळणे’ असे नाव पडले होते. विख्यात नाटककार ऑस्कर वाइल्ड यालाही १८९५ साली लंडनच्या तुरुंगात हे चक्र तुडवावे लागले. अंदमानच्या कोलूची हकीकत ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही शिक्षा कोणत्या जातीची होती हे निराळे सांगावयास नको. न्यूयॉर्कमधील अशाच एका चक्रावर देखरेख करणाऱ्या जेम्स हार्डी याने १८२४ साली पुस्तक लिहून नमूद केले, की कैद्यांना श्रमाच्या जडपणापेक्षा त्यातील एकसुरीपणाचीच अधिक धास्ती वाटते. पुढे १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्यानंतर ब्रिटनमध्ये ही चक्रे हळूहळू बंद पडली.

यानंतर अर्धशतकाने हे यंत्र निराळ्या रूपात, रुग्णालयाच्या दारातून परत आले. हृदयावर श्रमाचा ताण पडला असता ते कसे चालते हे तपासण्यासाठी १९५२ साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी विजेवर फिरणारा पट्टा तयार केला. १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पळण्याच्या व्यायामाचा मोठा बोलबाला झाला. ते वाचून विल्यम स्टॉब या इंजिनिअराने घरगुती वापराचा स्वस्त पट्टा बनविला. कारण थंडीपावसाची सबब कोणाला सांगता येऊ नये, अशी त्याची इच्छा होती. तेथून हे यंत्र घराघरांत आणि व्यायामशाळांत पसरले. ज्या श्रमाची एके काळी न्यायाधीश शिक्षा देत असे, त्याच श्रमासाठी आज माणूस रांगेत उभा राहून वर्गणी भरतो. फरक एवढाच, की कैद्याच्या पायांनी चक्र फिरत असे, आणि आजच्या व्यायामपटूला चालते ठेवण्यासाठी पट्टाच विजेने फिरवावा लागतो. दोघेही दळतात तो वारा!

फरक एवढाच म्हटले, तरी एक मोठा फरक नजरेआड करून चालणार नाही. कैद्याला चक्रावरून उतरण्याची मुभा नव्हती. सभासदाला ती आहे, आणि तो ती मोकळ्या मनाने वापरतो. एकसुरी श्रमाचा कंटाळा मात्र दोघांनाही सारखाच. व्यायामशाळांतून भिंतीवर चित्रपट चाललेले असतात आणि कर्णे मोठमोठ्याने वाजत असतात, ते हा कंटाळा विसरावा म्हणूनच.

आता प्रश्न असा, की माणूस श्रम का टाळतो? शाळेत आळसाला दुर्गुण म्हणून शिकविले जाते; परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो एक पुरातन शहाणपणाही आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानवी उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लीबरमन यांनी या मुद्द्याची उत्तम फोड केली आहे. त्यांच्या मते, मानवाचे शरीर ज्या काळात घडले त्या काळी अन्न मिळविण्यासाठीच एवढी पायपीट करावी लागे, की उरलेली शक्ती विनाकारण खर्च करणारा माणूस उपाशी मेला असता. शरीर हे एखाद्या काटकसरी गृहिणीसारखे आहे. गरज असेल तेथे ते सढळ हाताने खर्च करते, आणि गरज नसेल तेथे दिडकीही सोडीत नाही. जिना आणि सरकता जिना समोरासमोर दिसले, की पाय आपोआप सरकत्या जिन्याकडे वळतात ते याच काटकसरीमुळे. आळस नवा नाही. नवे आहे ते हे, की आळस परवडू लागला आहे.

टांझानियातील हाड्झा या शिकार करून व कंदमुळे गोळा करून राहणाऱ्या लोकांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की हे काटक लोकही जागेपणीचे दिवसाला सुमारे दहा तास विश्रांतीत घालवितात. मग त्यांचे व शहरवासीयांचे अंतर कोठे? एक तर उरलेल्या वेळात ते भरपूर चालतात, खणतात, ओझी वाहतात. आणि दुसरे असे, की त्यांची विश्रांती खुर्चीत होत नाही. ते उकिडवे बसतात, गुडघे टेकून बसतात, आणि अशा बसण्यात पायांचे स्नायू थोडेफार काम करीतच राहतात. मराठी घरांतून पाट, चूल आणि जमिनीवरची पंगत जाऊन त्यांच्या जागी टेबल, ओटा आणि कोच आले, तेव्हा दिवसातून दहा-वीस वेळा होणारी उठबसही कोणाच्या लक्षात न येता नाहीशी झाली. तिची नोंद व्यायाम म्हणून कधीच झालेली नव्हती. म्हणून ती गेल्याची हळहळही कोणाला वाटली नाही.

अशा बिननोंदीच्या श्रमांचे मोल किती, हे प्रथम स्पष्टपणे दिसले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांत. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातील सुमारे ३१,००० पुरुष नोकरांच्या आजारांची पाहणी करून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी हाकणारा ड्रायव्हर दिवसभर बसून असे. तिकिटे देणारा कंडक्टर दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. दोघे एकाच खात्याचे, सारख्याच सामाजिक थरातले. परंतु हृदयविकाराचे, विशेषतः त्याने येणाऱ्या अकाली मृत्यूचे प्रमाण कंडक्टरांत बरेच कमी आढळले. टपाल खात्यातही चालत पत्रे वाटणारा पोस्टमन आणि बसून काम करणारा कारकून यांच्यात असाच भेद दिसला. मॉरिस हे चिकित्सक वृत्तीचे संशोधक होते. ड्रायव्हर होणारी माणसे मुळातच स्थूल असतील की काय, ही शंका त्यांनाच आली, आणि १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासून ती बव्हंशी खरी असल्याचेही जाहीर केले. तरीसुद्धा पुढील अनेक दशकांच्या संशोधनाने मूळ निष्कर्षाला बळकटीच आली. त्या कंडक्टरांपैकी कोणीही जिना चढण्यासाठी वर्गणी भरीत नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिक या वैद्यकीय संस्थेच्या डॉ. जेम्स लेव्हिन यांनी २००५ साली याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. त्यांनी दहा सडपातळ आणि दहा किंचित स्थूल व्यक्ती निवडल्या. या विसांपैकी कोणीही व्यायाम करणारा नव्हता. त्यांच्या अंगावर सूक्ष्म यंत्रे बसवून दहा दिवस प्रत्येक हालचालीची नोंद घेतली, तेव्हा असे दिसले, की स्थूल व्यक्ती सडपातळ व्यक्तींपेक्षा दररोज सरासरी दोन तास अधिक बसून होत्या. सडपातळांप्रमाणे त्या उठत्या-वावरत्या राहिल्या असत्या, तर दिवसाला सुमारे ३५० कॅलरी, म्हणजे तीन-चार पोळ्यांइतकी शक्ती अधिक खर्च झाली असती. येथे व्यायामाचा प्रश्नच नव्हता. उभे राहणे, फिरणे, वस्तू उचलून ठेवणे, एवढ्यानेच हा फरक पडला. २००४ साली कॅनडातील आमिश पंथाच्या, म्हणजे मोटार आणि विजेची उपकरणे धर्मबुद्धीने वर्ज्य मानणाऱ्या शेतकऱ्यांची पावले मोजली गेली. पुरुष दिवसाला सरासरी अठरा हजारांहून अधिक व स्त्रिया चौदा हजारांहून अधिक पावले चालत, आणि त्यांच्यात लठ्ठपणा अगदी थोडा होता.

आता व्यायामशाळेच्या हिशेबाकडे वळू. एकदा ठरावीक वर्गणी भरली की शिस्त लागते, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तरी माणूस जातो, असा सार्वत्रिक समज आहे. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या तीन वर्षांच्या हजेरीची छाननी करून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ‘व्यायामशाळेत न जाण्यासाठी पैसे भरणे’ अशा अर्थाचे मार्मिक शीर्षक त्यांनी त्याला दिले होते. दरमहा ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारपाच वेळाच फिरकत. म्हणजे प्रत्येक खेपेस त्यांना १७ डॉलरहून अधिक खर्च पडे. त्याच ठिकाणी दहा खेपांचे तिकीट घेतले असते, तर एका खेपेस १० डॉलर पुरले असते. एवढेच नव्हे, तर शेवटची खेप झाल्यापासून सभासदत्व प्रत्यक्ष रद्द करीपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जाई; तेवढे दिवस माणूस जातही नसे आणि पैसे भरणेही थांबवीत नसे.

या आकड्यांचा अर्थ उघड आहे. वर्गणी भरणारा व्यायाम विकत घेत नाही; उद्यापासून आपण निराळे होणार, ही कल्पना तो विकत घेतो. पोथी घरी आणली म्हणजे पारायण घडले असे नव्हे. परंतु ती कोनाड्यात दिसत राहिली की मनाला पारायणाचे समाधान निम्मेशिम्मे मिळून जाते. सभासदत्वाच्या कार्डाचेही तसेच आहे. खरा अपाय त्याहून पुढचा आहे. व्यायामाला एक स्वतंत्र तास आणि एक स्वतंत्र इमारत नेमून दिली, की उरलेल्या तेवीस तासांना जणू सुट्टी मिळते. ‘संध्याकाळी जावयाचेच आहे’ म्हणून सकाळचा जिना टळतो, भाजी घरपोच येते, पाण्याचा पेलाही दुसऱ्याने आणून द्यावा असे वाटू लागते. आणि संध्याकाळी पाऊस येतो.

भारतातील कुटुंबांसाठी हा हास्यविनोदाचा विषय राहिलेला नाही, हे काही आकड्यांवरून दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांसह झालेली एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार २०२२ साली जगातील प्रौढांपैकी ३१ टक्के लोक पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज निघाला. ‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही’ हे समाधानही येथे फसवे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच उदाहरणे जगापुढे ठेवली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३ इतका होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो. स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी त्याची घडण असते. तेव्हा हालचालीची गरज त्याला इतरांहून कमी तर नाहीच, उलट अधिकच आहे.

मराठी मुलखाला व्यायामाची संस्था नवी नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले, पुण्यात शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले, बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत निघाला. त्याहूनही जुनी परंपरा कोल्हापूर-सांगलीकडील तालमींची. तालमीतील एक रीत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कुस्तीचा हौद खणून माती भुसभुशीत करणे, तीत ताक, तेल, हळद घालून ती मळणे, झाडलोट करणे, ही कामे पहिलवान स्वतः करीत. हौद खणणे हाच एक कसदार व्यायाम, आणि तो चुकवून कुस्तीला उभे राहणे कोणाला शोभत नसे. वस्तादाची नजर सर्वांवर असे. एखादा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी सोबती त्याच्या दारात उभे. श्रम आणि जीवन यांमध्ये तेथे भिंत नव्हती. गैरहजेरी लपवावयास जागा नव्हती.

असे असले, तरी तालमीचे दार बहुतकरून तरुण पुरुषांपुरतेच उघडे असे, हेही खरे. घरच्या स्त्रिया, साठीतले गृहस्थ, हृदयविकारातून उठलेले रोगी यांना तेथे स्थान नव्हते. आजच्या व्यायामशाळेने ते दिले आहे, आणि त्याबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे. वय वाढेल तसतसे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. त्यावर वजने उचलण्याच्या बेताच्या व्यायामासारखा उपाय नाही. स्नायूंना बळकटी आणणारे व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात सांगितले आहे, आणि तेवढ्यासाठी चांगली व्यायामशाळा व जाणता शिक्षक यांचा खरोखर उपयोग होतो. तेव्हा व्यायामशाळा बंद करावी असे कोणी म्हणणार नाही. तिने जेवणातल्या लोणच्याची जागा घ्यावी, भाकरीची नव्हे, एवढेच.

भाकरी म्हणजे रोजची हालचाल. वरील मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रम पुरेसे आहेत; म्हणजे दिवसाला सुमारे बावीस मिनिटे झपाट्याने चालणे. ही मिनिटे सलग असली पाहिजेत असेही नाही. थोडीथोडी हालचालही हिशेबात धरली जाते. दहा हजार पावलांचा जो मंत्र सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम एका जपानी घड्याळ कंपनीने १९६५ साली बाजारात आणलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे. तो वैद्यकशास्त्राचा सिद्धांत नव्हे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फारसा लाभ दिसला नाही. वृद्धांनी दहा हजारांच्या धास्तीने घरीच बसून राहू नये, हा या पाहणीचा व्यावहारिक बोध.

शरीराचा स्वभाव काटकसरी आहे हे एकदा मान्य केले, म्हणजे केवळ निश्चयावर भिस्त ठेवणे व्यर्थ, हेही ओघानेच येते. अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जिना आणि सरकता जिना शेजारीशेजारी असलेल्या जागी एक पाटी लावण्यात आली. तिच्यावर सरकत्या जिन्याने जाणारे मरगळलेले हृदय आणि पायऱ्या चढणारे टवटवीत हृदय अशी चित्रे होती. एवढ्यानेच जिना चढणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. आणि पाटी काढल्यावर काही काळाने ते पुन्हा पूर्वपदावर आले. माणूस वाईट नसतो, विसराळू असतो; त्याला वेळोवेळी आठवण लागते आणि सोबत लागते. म्हणून घरातील मांडणीच अशी असावी, की थोडे श्रम टाळता येऊ नयेत. कोपऱ्यावरची भाजी पायी जाऊन आणावी. तिसऱ्या मजल्यापर्यंत ज्याचे गुडघे व हृदय धड आहेत त्याने लिफ्टला हात लावू नये. दूरध्वनीवर बोलताना फिरत राहावे. आपले ताट, आपले अंथरूण, आपला पेला आपणच उचलावा. मुलांना व्यायामाच्या वर्गाला मोटारीने पोहोचविण्याऐवजी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जावे.

परंतु सारा दोष व्यक्तीच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. नव्या इमारतींत लिफ्ट दर्शनी जागी झळकते आणि जिना कोठेतरी मागे, अंधारा, कोंदट, जुन्या सामानाने अडविलेला असतो. रस्त्यांवरील पादचारी मार्ग दुकानांनी व वाहनांनी व्यापलेले असतात; सत्तर वर्षांच्या आजींनी तेथून चालावे असे सांगणे म्हणजे त्यांना अपघाताचे आमंत्रण देणेच होय. जिन्यात दिवा लावणे आणि सामान हलविणे हे गृहसंस्थेच्या एका बैठकीत ठरविता येण्याजोगे काम आहे. पादचारी मार्ग मोकळे ठेवणे हे नगरपालिकांचे कर्तव्य आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेणे हे करदात्यांचे. व्यायामशाळेच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा या दोन गोष्टींनी अधिक माणसांचे आरोग्य सुधारेल.

यंत्रांनी माणसाचे कष्ट वाचविले, ते त्याने अधिक चांगले जगावे म्हणून. वाचलेल्या कष्टांतून थोडेसे, रोजच्या रोज आणि आनंदाने, शरीराला परत देणे हेच त्या सोयींचे खरे मोल चुकते करणे आहे. हे ऋण दरमहा पैशांनी फेडता येत नाही. ते पायांनीच फेडावे लागते, आणि त्याचा आरंभ घराच्या उंबरठ्याबाहेरील पहिल्या पायरीपासून होतो.